उजव्या अंगाचा उजेड

आमच्या भागात ड्रोनची आवई उठली, त्या वर्षी मी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत होते. गाव शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं. नदी ओलांडली की दौंड तालुका लागतो. आवई अशी होती की अंधार पडला की आभाळात दिवे फिरतात, ते चोरांचे ड्रोन आहेत, आधी वरून घरं बघून जातात आणि मग दरोडा घालायला येतात. नदीच्या दोन्ही काठांवर हेच बोललं जात होतं. माणसं काठ्या आणि टॉर्च घेऊन गस्त घालायला लागली. आपल्या घरी चोरी झाली असं सांगणारं कुणी भेटत नव्हतं, पण दिवे पाहिलेलं माणूस घरटी एक होतं.

मी त्यात ओढली गेले ती एका व्हिडिओमुळे. गावातले किराणा दुकानदार, त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. एका सकाळी ते शाळेच्या फाटकाशीच थांबले आणि मोबाईल माझ्यापुढे धरला.

"बाई, ह्ये बघा. वीस-पंचीस ड्रोन, एका लायनीत. आता बोला."

मी बघितलं. काळ्या आभाळात ठिपक्यांची सरळ रांग, एकामागे एक, सारख्या वेगानं निघालेली. मला हसू आलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी तीच रांग पहिल्यांदा बघून मीही घाबरले होते. तेव्हा रात्रभर मोबाईलवर शोधून मला कळलं होतं की ते इंटरनेटचे उपग्रह असतात. एकदम बरेच सोडतात, आणि सोडल्यावर काही दिवस ते असे रांगेनं जातात. मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मोबाईल खिशात घातला आणि म्हणाले, "मंग ह्ये गावाला सांगा की. आमचं कोण ऐकतंय?"

तिसऱ्या दिवशी सरपंचांचं बोलावणं आलं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं बसली होती. मी फळ्यावर लिहावं तसं सांगितलं. लाल-हिरवा दिवा लुकलुकत जात असेल, तर विमान. अजिबात न लुकलुकता, आवाज न करता, चार-पाच मिनिटांत आभाळ ओलांडणारा ठिपका म्हणजे उपग्रह. त्याला स्वतःचा दिवा नसतो, त्याच्यावर ऊन पडलेलं असतं. म्हणून तो बहुतेक करून सूर्य मावळल्यानंतर दोन-एक तासांत आणि पहाटे उगवण्याआधी दिसतो, आणि मध्येच विझल्यासारखा होतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो. पश्चिमेला ठाण मांडून बसलेला मोठा दिवा म्हणजे शुक्र. आणि ड्रोन असेल तर तो जवळ असतो, घूं घूं करतो, एका जागी थांबतो, वळतो.

"म्हंजी थांबला तरच घाबरायचं," मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. हसले म्हणजे निम्मं काम झालं, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून लोक मला दिवे सांगायला लागले. फोन यायचे, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप यायचे. मी एक दोनशे पानी वही केली. दिवा कुठून कुठे गेला, किती वेळ दिसला, लुकलुकला का, आवाज होता का, थांबला का. पाच प्रश्न, आणि शेवटी 'काय असावं' असा रकाना. मोबाईलवरच्या अ‍ॅपमध्ये वेळ टाकून मी ताडून बघायची. पाच-सहा दिव्यांपुढे मला 'कळलं नाही' असं लिहावं लागलं. बाकी सगळ्यांना नाव मिळालं. खरं सांगायचं तर मला त्याचं फार बरं वाटायचं. पंधरा वर्षं पाढे आणि शुद्धलेखन शिकवून जो मान मिळाला नव्हता, तो त्या वहीनं दोन महिन्यांत मिळवून दिला.

आणि त्या वहीमुळे माझे सासरे माझ्याशी बोलायला लागले.

त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण आमचं बोलणं म्हणजे "चहा ठेवलाय" आणि "ठिवलाय व्हय" एवढंच. वाईटपणा काही नव्हता. ते मुळातच कमी बोलत, आणि सासूबाई गेल्यावर आणखी कमी. ऊस, दोन म्हशी, आणि लहानपणापासूनचा जाड भिंगांचा चष्मा, त्यातही डावा डोळा अधूच. माझा नवरा एमआयडीसीत शिफ्टवर, त्यामुळे संध्याकाळी घरात बहुतेक आम्ही दोघं आणि माझी मुलगी. ऊस घराला टेकलेला, त्यात बिबट्याचा वावर, म्हणून अंधारात आमच्याकडे अंगणात कुणी बसत नाही. मी उपग्रह बघायला स्लॅबवर जायची. एका संध्याकाळी आप्पा माझ्यामागोमाग जिना चढून आले.

"कंच्या अंगानं येणार हाय?" त्यांनी विचारलं.

मी दाखवलं. ठिपका नदीच्या बाजूनं वर आला, डोक्यावरून गेला आणि पूर्वेला जाता जाता विरघळला. आप्पा मान वर करून तसेच उभे राहिले.

"कुणी बसलंय का त्याच्यात?"

"यात नाही आप्पा. पण एक मोठं असतं, त्याच्यात माणसं राहतात."

"राहत्यात? आन् खात्यात काय?"

तिथून सुरुवात झाली. रोज संध्याकाळी म्हशींची धार काढून झाली की ते वर यायचे. आठवडाभरात ते माझ्याआधी उपग्रह हेरायला लागले. "बाई, त्ये बघ, निघालं," असं म्हणायचे. गाव मला बाई म्हणायचं, म्हणून तेही म्हणायला लागले, थोडं चेष्टेनं. मध्ये-मध्ये ते आपल्या लहानपणचं सांगायचे. कालव्याच्या चाऱ्या निघण्याआधी ही सगळी रानं कशी कोरडी होती, भीमेला पूर आला की नावाडी पैलतीरावरून कसा साद घालायचा. चौदा वर्षं मी ज्या माणसाला जेवायला वाढत होते, त्याला मी ओळखत नव्हते, हे मला त्या स्लॅबवर कळलं.

पाऊस उघडला, दिवाळी झाली, आभाळ स्वच्छ झालं. ड्रोनची आवई आपोआप विरून गेली होती, पण आमचं वर बसणं सुरू होतं. एका संध्याकाळी आप्पा म्हणाले, "आत्ता चमाकलं बघ, उजव्या अंगाला."

मी तिकडे बघितलं. काही नव्हतं.

"किती वेळ दिसलं?"

"पापणी लवायच्या आत गेलं. इळ्यावानी. बाकदार."

"मग उल्का असेल आप्पा. तारा तुटला म्हणतात ना, तो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दोनदा. मी विचार केला. उपग्रहाच्या पत्र्यावर ऊन एखाद्या कोनात पडलं की तो क्षणभर लखलखतो, हे मी वाचलेलं होतं. मी त्यांना हातात ताटली धरून, बॅटरीचा झोत तिच्यावर पाडून समजावून सांगितलं. ते मनापासून बघत होते. मग हळूच म्हणाले, "पर त्यो सारखा ह्याच अंगाला का दिसतुय?"

"सूर्य एकाच बाजूला मावळतो, म्हणून कोन तोच येतो," मी म्हणाले. उत्तर इतकं पटकन आलं की मलाच त्याचं कौतुक वाटलं. मी वहीत तारीख टाकून लिहिलं, 'आप्पा. उजवीकडे चमक. उपग्रहाची लकाकी.'

उजवीकडे म्हणजे कुठल्या दिशेला, हे मी विचारलंच नाही. ते कधी नदीकडे तोंड करून बसायचे, कधी रस्त्याकडे. उजवीकडे म्हणजे त्यांच्या उजवीकडे. बघणाऱ्याचं तोंड कुठे होतं, हा प्रश्न पाच प्रश्नांच्या वहीत नव्हता.

त्याच आठवड्यात एकदा मी स्वयंपाकघरात ओट्याशी बसून चाचणीचे पेपर तपासत होते. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"बाई, त्ये घरातबी दिसलं. बल्ब मालवला आन् दिसलं."

"खिडकीतून गाडीचा उजेड आला असेल आप्पा," मी मान वर न करता म्हणाले. "कारखान्याचे ट्रॅक्टर सुरू झालेत ना."

"आसंल," ते म्हणाले. मग गेले. त्यांच्या चपलांचा आवाज मला अजून आठवतो, कारण तो लगेच आला नव्हता.

त्यानंतर त्यांनी चमक सांगणं बंद केलं. मला वाटलं, दिसायची थांबली. जेवताना ते डोळ्यांसमोरून हात फिरवायचे, चिलटं हाकलल्यासारखे. मी चिलटांसाठी धूप लावला.

मग ती पहाट. माणसं राहतात ते अंतराळ स्थानक त्या दिवशी उगवतीच्या आधी दिसणार होतं, अगदी ठळक. आप्पा ते बघायला फार उत्सुक असत. मी त्यांना उठवलं, दोघं शाल पांघरून वर गेलो. ठरल्या वेळेला ते नैर्ऋत्येकडून वर आलं, शुक्रासारखं झगझगीत.

"आलं आप्पा."

"कुठाय?"

"हे काय, समोर."

ते समोरच बघत होते. मान इकडे-तिकडे करत होते. एवढा मोठा दिवा, आणि त्यांना सापडत नव्हता. बारीकसा ठिपका माझ्याआधी हेरणारा माणूस. शेवटी त्यांनी मान पूर्ण डावीकडे वळवली तेव्हा म्हणाले, "हां, घावलं." आणि मग सहज, हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाले, "ह्या डोळ्याम्होरं पडदा आल्यावानी झालंय. नाकाकडनं, खालनं वर चढतंय."

"कधीपासून?"

"काल सांजच्याला लागलं जाणवाय."

मी पुढे झाले आणि त्यांचा डावा डोळा तळहातानं झाकला. "आता दिसतं का?"

"वरलं दिसतंय. खाली काळं."

मी विचारलं, "आप्पा, ती चमक. डोळे मिटल्यावर दिसते का?"

"व्हय. मिटल्यावर तर जास्तच. अंधारात बरी दिसती."

डोळे मिटल्यावर दिसणारा उजेड आभाळात नसतो. तिसरी-चौथीच्या पोरालाही हे कळलं असतं. स्थानक आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा आम्ही दोघंही वर बघत नव्हतो.

नवरा रात्रपाळी करून सातला घरी आला, तो गाडीतून उतरलाच नाही. दौंडला माझी नणंद असते, तिच्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर होते. आम्ही नदी ओलांडून चौफुल्याला लागलो. पाटसपर्यंत उसाच्या ट्रेलरची रांग होती, एकेक ट्रॅक्टर मागे दोन-दोन ट्रेलर ओढत चाललेला. आप्पा पुढच्या सीटवर बसून कुणाचा ऊस कसा भरलाय ते सांगत होते. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते.

डॉक्टरांनी थेंब टाकले, तासाभरानं कपाळावर दिवा बांधून बराच वेळ डोळ्यात बघितलं. मग खुर्ची मागे सरकवली.

"डोळ्याच्या आतला पडदा फाटलाय आणि सुटत चाललाय. आजच्या आज पुण्याला न्या, मी चिठ्ठी देतो, फोनही करतो. आजोबा, चमक दिसत होती का?"

"व्हय."

"किती दिवस?"

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. थेंबांनी बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, त्यांना माझा चेहरा धड दिसतही नसेल. "आसंल की, तीन-चार दिस," ते म्हणाले.

"अठरा," मी म्हणाले. "अठरा दिवस, डॉक्टर. मला सांगितलं होतं त्यांनी."

डॉक्टर मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्याच वेळी आला असता तर बहुतेक लेझरवर भागलं असतं. जाड चष्मा असलेल्या माणसाला चमक दिसली की थांबायचं नसतं." नवरा चिठ्ठी घेऊन गाडी काढायला गेला.

पुण्यात दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की पडद्याचा मधला, बारीक दिसण्याचा भाग नुकताच सुटायला लागला होता. तो बसवलाय, पण किती दिसेल ते महिना-दोन महिन्यांनी कळेल. डोळ्यात गॅस भरला होता, आणि तो गॅस पडद्याला दाबून धरावा म्हणून आप्पांनी दहा दिवस पालथं झोपायचं होतं, बसले तरी मान खाली.

ते दहा दिवस आम्ही दौंडला नणंदेच्या घरी काढले, दवाखाना जवळ म्हणून. आप्पा खाटेवर पालथे, कपाळ दोन उशांच्या मध्ये टेकलेलं. त्यांच्या तोंडासमोर येऊन बोलायचं तर फरशीवर बसावं लागायचं. मी शाळेतून रजा काढली होती. फरशीवर बसून त्यांना स्ट्रॉनं चहा द्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना, मी म्हणाले, "आप्पा, माझं चुकलं."

"काय चुकलं?"

"तुम्ही सांगत होता, मी ऐकलं नाही."

"आयकलंस की. लिव्हूनबी घेतलंस."

"लिहून घेतलं, पण ऐकलं नाही."

ते फरशीकडे बघत होते. दुसरीकडे बघताच येत नव्हतं. मग म्हणाले, "मला तवाच वाटलं व्हतं, ह्ये आभाळातलं न्हाई. बल्ब मालवल्यावर दिसतंय म्हंजी काय? पर तू म्हणलीस गाडीचा उजेड. म्या म्हणलं, ऱ्हाऊ द्या. तुझ्या वहीत त्ये 'कळलं न्हाई' लिव्हायला तुला बरं वाटत न्हाई. आन् एकदा का डोळ्याचं निघालं, तर तू मला वर येऊ देनार न्हाईस, जिना चढू देनार न्हाईस."

मला रडू आलं. त्यांच्या तोंडासमोरच फरशीवर बसले होते, लपवायला जागा नव्हती.

"आता रडतीस कशाला? चा सांडंल," ते म्हणाले.

मी अजून त्या बोलण्याचा विचार करते. एका माणसानं माझ्याजवळ बसण्यासाठी आपलं दुखणं गिळलं, आणि मी त्याच्या दुखण्याला उपग्रहाचं नाव दिलं. जिथे मी 'कळलं नाही' असं लिहिलं, तिथे मी पुन्हा विचारलं होतं, दोनदा फोन केले होते. जिथे मला कळलं, तिथेच मी थांबले. उत्तर चुकीचं असण्यापेक्षा ते इतकं लवकर सुचलं, हेच जास्त वाईट झालं. उशिरा सुचलं असतं, तर तोवर मी आणखी चार गोष्टी विचारल्या असत्या.

गावात परतल्यावर पालकसभा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भरली, तिथे मी हे सगळं सांगितलं. कुणी सांगायला सांगितलं नव्हतं. पण ज्या हॉलमध्ये मी दिव्यांची नावं सांगितली होती, तिथेच हेही सांगायला हवं, असं मला वाटत होतं. सभा संपल्यावर किराणा दुकानदार जवळ आले. "आईला काजवं दिसत्यात म्हणती, वरीस झालं," ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते आईला दौंडला घेऊन गेले. तिला तसं काही निघालं नाही, वयाप्रमाणे होतं म्हणे. मला मात्र ते गेले याचं बरं वाटलं.

नवरा दोन महिने या विषयावर बोलला नाही. मी वाट बघत होते, कधीतरी तो म्हणेल म्हणून. एका रविवारी कांद्याच्या रोपांना पाणी धरताना तो एकदम म्हणाला, "आप्पा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी कुठं होतो?"

"कामावर."

"दुसऱ्यांदा?"

"झोपला होतास. रात्रपाळी होती."

त्यानं दुसऱ्या वाफ्याचं दार उघडलं. "मला त्यांनी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "तुला तरी सांगितलं." ती तक्रार होती की दिलासा, हे मी त्याला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तो संध्याकाळी घरी असला की बापाशेजारी जाऊन बसायला लागला.

आप्पांचा डोळा वाचला, पण पूर्वीसारखा झाला नाही. गॅस विरघळत गेला तसा आधी त्यांना डोळ्यात पाणी हिंदकळल्यासारखं दिसायचं, मग गोटी लोळल्यासारखी, मग ती गोटीही गेली. आता उजव्या डोळ्यानं माणूस ओळखू येतो, वाचता येत नाही. सरळ रेघ त्यांना मध्ये वाकलेली दिसते. चहा कपात ओतताना सुरुवातीला बशीत जायचा. ते हाताला कप लागेपर्यंत चाचपतात, मग ओततात. मदत केलेली त्यांना आवडत नाही. डाव्या डोळ्याच्या पडद्यालाही कडेला पातळ जागा निघाली, तिथे वेळेत लेझर झालं.

फाल्गुनात मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून तपासणीला नेत होते. आमच्या वळणाच्या पुढे त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

"बाई, थांब जरा. त्यो डांब वाकडा हाय का मलाच दिसतुय?"

विजेचा खांब होता, उसाच्या कडेचा. तोंडावर उत्तर आलं होतं की तुम्हाला दिसतोय आप्पा, डोळ्यामुळे. मी गाडी स्टँडला लावली. रस्त्यावरून बघितलं, मग चारी ओलांडून बांधावर गेले आणि दुसऱ्या बाजूनं बघितलं. बुंध्याशी माती खचली होती, आणि खांब उसाकडे झुकला होता.

"वाकडाच आहे," मी ओरडून सांगितलं.

"मंग वायरमनला फोन लाव," आप्पा म्हणाले. "आन् बांधावरनं जपून ये."